तू नक्की करतेस काय गं?

ताई, नमस्कार.

मी बडोद्याचीच. माहेर रावपुऱ्यात, सासर दांडिया बाजारात. वय ३४. पीएचडी होऊन सहा वर्षं झाली. शहराबाहेरच्या एका जैववैद्यकीय संशोधन संस्थेत रिसर्च असोसिएट आहे, हे पाचवं वर्ष. दरवर्षी मार्च जवळ आला की कॉन्ट्रॅक्ट पुढे चालणार की नाही याची धाकधूक सुरू होते, आणि या मार्चला तर प्रकल्पच संपतोय. सरांना विचारलं की ते म्हणतात, "बघू या, काहीतरी करू." माणूस वाईट नाही, पण यापुढे गाडी सरकत नाही.

मधुमेहाच्या रुग्णांच्या प्रतिकारशक्तीवर आमचं काम आहे. शिवाय रक्तातल्या पेशी एकेक करून तपासणारं संस्थेचं यंत्र, फ्लो सायटोमीटर, माझ्याकडे आहे. तशी कागदोपत्री नेमणूक नाही, आधीची मुलगी सोडून गेली तेव्हापासून मीच बघते. सकाळी साडेआठला पोचून आधी बीड्स, म्हणजे यंत्र तपासायचे बारीक मणी, चालवते, कारण उशिरा कळलं की यंत्र बिघडलंय तर हॉस्पिटलमधून आलेलं रक्त फुकट जातं. तीन लॅबची मुलं आपापले सँपल घेऊन माझ्याकडे येतात. परवा एक मुलगा अगदी रडवेला होऊन आला. त्याच्या सगळ्या पेशी दोन्ही रंगांत उजळत होत्या. मी त्याच्या सिंगल स्टेनच्या ट्यूब पुन्हा चालवायला लावल्या, कॉम्पेन्सेशन चुकलं होतं. ते बसल्यावर त्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

गेल्या पेपरमध्ये सगळं पॅनेल, म्हणजे कुठल्या पेशी ओळखायला कुठले रंग याची जुळणी, मी बसवलं होतं, पण माझं नाव तिसरं आलं. माझ्यानंतर आलेला, परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, केलेला एक जण थेट सायंटिस्ट म्हणून रुजू झाला. मुलगी चार वर्षांची आहे. नवरा मकरपुऱ्याला नोकरी करतो, समजूतदार आहे. सासूबाईही प्रेमळ आहेत, पण परवा पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "तू नक्की करतेस काय गं? एवढं शिकलीस आणि अजून पर्मनंट कशी नाहीस?" मला काही उत्तरच सुचलं नाही.

मुलीला इथे ठेवून दोन वर्षं परदेशी जाऊ? फार्मा कंपनीत जाऊ? की बी.एड. करून शाळा बघू? आता उशीर झालाय का?

– एक संशोधिका, बडोदे

*

बाळ,

तुझं पत्र मी आधी नुसतं वाचलं, मग पेन्सिल घेऊन वाचलं. ज्या विषयावर तू पाच वर्षं काम करतेस त्याला तू एक ओळ दिलीस. त्या यंत्राला आणि रडवेल्या मुलाला सात-आठ ओळी दिल्यास. आणि परदेश, फार्मा, शाळा या तीन वाटा शेवटी एका दमात विचारून टाकल्यास, जणू कोणीतरी दुसऱ्यानेच त्या तुझ्या हातात कोंबल्या आहेत. म्हणून तू विचारलेल्या क्रमाने मी उत्तर देणार नाही. तुझ्या सासूबाईंच्या प्रश्नापासून सुरुवात करते. त्यांच्या प्रश्नाने तुला लागलं हे मला कळतं, पण तो प्रश्न बरोबर आहे. आणि तुला उत्तर सुचलं नाही याचं कारण तुझं काम कमी आहे हे नव्हे. ते काम कुठल्याच कागदावर तुझ्या नावाने लिहिलेलं नाही, हे कारण आहे.

इतर वाचकांसाठी थोडं सांगते. फ्लो सायटोमीटरमध्ये पेशी एकीमागून एक लेसरच्या झोतासमोरून जातात, सेकंदाला हजारो. पेशींवर आधी रंग चढवलेले असतात, ते उजळतात, आणि कुठली पेशी कुठल्या जातीची हे त्या उजेडावरून ठरतं. अडचण अशी की रंग आपापल्या जागी राहत नाहीत. नेहमीचा हिरवा रंग ५२० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त उजळतो, पण त्याचा उजेड शेजारच्या पिवळसर-नारिंगी रंगाच्या खिडकीतही सांडतो. किती सांडला ते मोजून वजा करायचं, त्याला कॉम्पेन्सेशन म्हणतात. त्यासाठी प्रत्येक रंग एकेकटा चढवलेल्या ट्यूब लागतात. ते चुकलं की रक्तात नसलेल्या पेशी पडद्यावर दिसायला लागतात, आणि त्या खऱ्या वाटतात. कोणी हटकलं नाही तर त्यावर पेपरही लिहिला जातो. त्या मुलाला तू वाचवलंस ते यातून. ज्या रुग्णांनी दंडातून रक्त दिलं त्यांनाही वाचवलंस, कारण त्यांच्या रक्तावरून चुकीचं काही छापलं जाणार होतं ते टळलं.

आता मला सांग, यातलं काय तुझ्या बायोडेटात आहे? मी पैजेवर सांगते, तिथे पेपरांची यादी असेल आणि तळाशी "टेक्निकल स्किल्स" म्हणून चार शब्दांमध्ये फ्लो सायटोमेट्री हा एक शब्द असेल.

माझंही असंच झालं होतं. बडोद्यात बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करून मी एका औषध कंपनीच्या संशोधन विभागात लागले, आणि तिथेच तीस वर्षं राहिले. सुरुवातीच्या काळात एका औषधातली अशुद्धी शोधायची पद्धत मी बसवली. आठ महिने गेले त्यात. कॉलम बदल, बफर बदल, तापमान बदल, आणि एका पावसाळ्यात वीज जायची तेव्हा सगळं पुन्हा पहिल्यापासून. अहवाल निघाला तेव्हा माझं नाव आभारात, शेवटच्या पानावर. मी घरी येऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप कामाला गेले. तीन वर्षांनी तपासणी आली. तपासणीला आलेल्या गृहस्थांनी विचारलं, हे तापमान ३५ अंशच का? खोलीत सात माणसं होती, सातही गप्प. मग मला बोलावलं. मी माझी नोटबुक घेऊन गेले. बांधीव, पानांवर आकडे छापलेली, प्रत्येक पानाखाली तारीख आणि दोन सह्या. ३० अंशांना काय होतं, ४० ला काय होतं, सगळं त्यात होतं. त्या दिवसानंतर त्या पद्धतीचा विषय निघाला की माझं नाव निघायला लागलं. पण तीन वर्षं मी कोणालाही साधं विचारलंही नव्हतं की माझं नाव का नाही. ती तीन वर्षं मला आजही टोचतात. तुझी तशी जाऊ नयेत म्हणून हे इतकं सविस्तर लिहिते आहे.

तर पहिलं काम. यंत्राचं लॉगबुक काढ आणि मोजायला बस. ते तुझ्याकडे आल्यापासून किती तास चाललं, किती जणांनी वापरलं, त्यातल्या किती जणांना तू हातात धरून शिकवलंस, किती नमुने चालले, किती दिवस बंद राहिलं आणि तुझ्या आधी किती दिवस बंद राहायचं. तू लिहिलेल्या एसओपी, म्हणजे काम कसं करायचं याच्या लेखी पद्धती, किती. तू बसवलेली पॅनेल किती, आणि ती कुठल्या कुठल्या पेपरांत वापरली गेली, तुझं नाव असो वा नसो. हे सगळं एका पानात बसव. दोन पानं नकोत. यात "मेहनती" आणि "होतकरू" हे शब्द येता कामा नयेत, आकडे येऊ देत. हे पान तुला तीन जागी लागणार आहे, म्हणून त्यात कसूर करू नकोस. ऑर्किड (ORCID) म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, त्याचं खातं नसेल तर तेही उघड, फुकट असतं, आणि तुझं काम नोकरी बदलली तरी तुझ्या नावामागे येतं.

दुसरं, सरांशी बोलणं. "बघू या" हे उत्तर उभ्याउभ्या विचारलेल्या प्रश्नाला मिळतं. सेंट्रीफ्यूज थांबायची वाट बघताना विचारलंस तर तेच मिळणार. अर्ध्या तासाची वेळ मागून घे, विषय आधी ईमेलने कळव, आणि ते पान आदल्या दिवशी पाठव. समोर बसल्यावर तक्रारीने सुरुवात करू नकोस. सरळ असं विचार: "सर, मार्चनंतर या यंत्राचं काय ठरलं आहे? आणि त्यात मी कुठे आहे?" मग थांब. शांतता पडली तर ती तू भरू नकोस. आपल्याकडच्या मुलींना शांतता सहन होत नाही, आपण लगेच "नाही म्हणजे, नसेल जमत तर हरकत नाही सर" म्हणून मोकळ्या होतो. तसं म्हणू नकोस. आणि बोलणं झाल्यावर त्याच संध्याकाळी चार ओळींचा ईमेल कर: आज आपण हे हे बोललो, माझ्या समजुतीप्रमाणे असं असं ठरलं, काही चुकत असेल तर कळवा. त्यात धमकी नाही की लबाडी नाही. ज्या माणसाकडे दहा मुलं आणि चार प्रकल्प आहेत तो विसरतो, आणि लिहिलेलं विसरता येत नाही.

मला वाटतं, तुझे सर तुला टाळत नाहीयेत, त्यांच्याकडेच उत्तर नाहीये. आपल्याकडे प्रकल्पावरच्या माणसासाठी शिडीच फार आखूड आहे. जानेवारी २०२३ पासून रिसर्च असोसिएटचं मानधन ५८,०००, ६१,००० आणि ६७,००० अशा तीन पायऱ्यांचं झालं, घरभाडं वेगळं. तिसरी पायरी चढली की पुढे पायरी नाही. मग एकतर स्वतंत्र लॅबचं पद मिळवा नाहीतर बाहेर पडा. आणि स्वतंत्र लॅबची पदं मोजकी, पीएचडी झालेली माणसं पुष्कळ. या दोन्हींच्या मधे एक जागा असायला हवी: जो माणूस एखादी पद्धत, एखादं यंत्र, एखादी सुविधा जीव ओतून सांभाळतो, दहा लॅबना पुरा पडतो, आणि ज्याला स्वतःचा गट नको आहे, त्याची. परदेशातल्या मोठ्या संस्थांमध्ये त्याला स्टाफ सायंटिस्ट म्हणतात, कोअर फॅसिलिटीचा मॅनेजर म्हणतात, आणि त्याला पगारवाढ, बढती सगळं असतं. आपल्याकडेही काही मोठ्या संस्थांमध्ये अशी पदं आहेत, पण सगळीकडे नाहीत. कोटीच्या घरातलं यंत्र घ्यायचं आणि ते चालवणारीला वर्षावर्षाच्या कागदावर ठेवायचं, हे मला पटत नाही. यंत्राचा सर्व्हिस करार पाच वर्षांचा करतात, मग माणसाचा का नाही? संस्थाचालकांपैकी कोणी हे सदर वाचत असेल तर त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, यावर विचार करा. तुमच्या संस्थेतलं वर्षानुवर्षांचं शहाणपण दर मार्चला दाराबाहेर जातं आहे.

पद नाही म्हणून तू मागू नयेस असं मात्र नाही. पुष्कळदा पद आधी कोणीतरी मागतं आणि मग तयार होतं. सरांशी बोलून झाल्यावर, त्यांना विश्वासात घेऊन, तेच पान संचालकांपुढे ठेव. यंत्र बाहेरच्यांना शुल्क घेऊन वापरायला दिलं तर वर्षाचा किती खर्च निघेल याचा अंदाज त्याला जोड. केंद्र सरकारचं आय-स्टेम पोर्टल याचसाठी आहे. एका संस्थेचं यंत्र दुसऱ्या संस्थेच्या, कंपनीच्या किंवा कॉलेजच्या माणसाला तिथे बुक करता येतं. बडोद्यासारख्या गावात, जिथे विद्यापीठ आहे, मेडिकल कॉलेज आणि सयाजी हॉस्पिटल आहे, औषध कंपन्या आहेत, तिथे असं यंत्र रिकामं बसणार नाही. पण बाहेरचा माणूस येईल तो यंत्राच्या मागे कोणी जाणकार बसलंय या भरवशावर.

हे वाचून तुला वाटेल, म्हणजे ताई मला दुय्यम वाटेला लावतायत. म्हणून आपल्याच गावच्या एका मुलाची हकीकत सांगते. वेंकटरामन रामकृष्णन. वडील सी. व्ही. रामकृष्णन आपल्या विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीचे प्रमुख, म्हणून पोरगा बडोद्यात वाढला. १९७१ ला इथूनच फिजिक्समध्ये बी.एस्सी., मग अमेरिकेत फिजिक्समध्येच पीएचडी, १९७६ साली. आणि पीएचडी हातात असताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला हे करायचंच नाहीये, आपलं मन जीवशास्त्रात आहे. तेव्हा ते पुन्हा विद्यार्थी होऊन वर्गात जाऊन बसले. पोस्टडॉक झाल्यावर त्यांनी सुमारे पन्नास विद्यापीठांत प्राध्यापकीसाठी अर्ज केले आणि एकाही ठिकाणी काम झालं नाही. मग १९८३ ते १९९५ पर्यंत ते ब्रुकहेवनच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ म्हणून राहिले, रायबोसोमचं, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचं, काम सोडलं नाही. विद्यापीठातली प्राध्यापकी मिळाली ती चाळिशी ओलांडल्यावर. २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याच रायबोसोमच्या कामाला मिळालं. नोबेलसाठी मी हे सांगत नाहीये, ते कोणाच्या हातात नसतं. पन्नास नकार आल्यावर त्यांनी जागा बदलली पण विषय सोडला नाही, ते लक्षात घे. आणि तू विचारतेस ३४ ला उशीर झालाय का! त्यांना ब्रुकहेवनची नोकरी लागली तेव्हा ते तिशी ओलांडून गेले होते.

आता पेपरातलं तिसरं नाव. झालेल्या पेपरबद्दल भांडू नकोस, ते छापून झालं. पण पुढच्यासाठी नियम माहीत असू दे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती लेखक कोणाला म्हणावं याच्या चार अटी सांगते. कामाच्या आखणीत किंवा माहिती मिळवण्यात, तपासण्यात मोलाचा वाटा. मसुदा लिहिण्यात किंवा गांभीर्याने सुधारण्यात सहभाग. अंतिम प्रतीला मान्यता. आणि कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. आणि पुढे तीच समिती म्हणते की ज्याने पहिली अट पूर्ण केली त्याला बाकीच्या पूर्ण करायची संधी द्यायला हवी. म्हणजे, पॅनेल तू बसवलंस आणि मसुदा तुला दाखवलाच नाही, असं कधी झालं तर ते नियमात बसत नाही. नावांचा क्रम मात्र ही समिती ठरवून देत नाही, तो लेखकांनी आपसात ठरवायचा असतो. आणि तो ठरवायची वेळ कुठली? पहिली ट्यूब रंगवण्याआधी. पुढच्या वेळी कोणी नवं पॅनेल मागायला आलं की हसतमुखाने विचार, "यात माझा वाटा काय धरायचा? नुसतं यंत्र चालवायचं असेल तर आभार पुरेत. पॅनेल आणि विश्लेषण माझं असेल तर मी लेखक." आता बऱ्याच नियतकालिकांत कोणी काय केलं हे क्रेडिट नावाच्या पद्धतीने चौदा प्रकारच्या कामांत विभागून छापतात. तिथे "मेथडॉलॉजी" आणि "फॉर्मल अ‍ॅनालिसिस" यांच्यापुढे तुझं नाव आलं पाहिजे, हा आग्रह धर.

परदेशाबद्दल. स्वतंत्र लॅब हवी असेल तर परदेशी पोस्टडॉकचा उपयोग होतो, हे खोटं नाही. तो तुझ्यानंतर आलेला मुलगा त्यावरच लागला असणार, त्याचा राग धरू नकोस. पण तुला स्वतंत्र लॅब हवी आहे असं तुझ्या पत्रात एकदाही आलेलं नाही. जे हवं आहे की नाही हेच ठरलेलं नाही त्यासाठी चार वर्षांच्या लेकीपासून दोन वर्षं लांब राहायचं, हा सौदा मला महाग वाटतो. उद्या एखादा प्रश्न तुला झोपू देईना, की याच्या मागे मलाच जायचंय, तर मग जा, आणि तेव्हा लेकीला आणि नवऱ्याला सोबत घेऊन जाण्याचाही विचार कर. तोवर शिकायला छोट्या वाटा आहेत. भारतातल्या सायटोमेट्री सोसायटीच्या कार्यशाळा होतात. सायटोमेट्रीची जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, आयसॅक, तिचा यंत्रसुविधा सांभाळणाऱ्या नव्या दमाच्या माणसांसाठी खास कार्यक्रम आहे. सायटोमेट्री तज्ज्ञ म्हणून प्रमाणपत्राची परीक्षाही देता येते. आणि जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर, विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण या योजना खास स्त्री संशोधकांसाठी आहेत. वयाच्या आणि इतर अटी जाहिरातीगणिक बदलतात, म्हणून मैत्रिणीने सांगितलं यावर विसंबू नकोस, मूळ जाहिरात स्वतः वाच. आधी म्हटलेलं ते एक पान तिसऱ्यांदा लागेल ते इथे.

फार्माबद्दल घरात थोडी नाराजी असते, "शास्त्रज्ञ व्हायला निघाली आणि कंपनीत गेली." बडोद्यात तरी असं म्हणू नये. आपल्या गावात प्रयोगशाळा आणि कारखाना पहिल्यापासून गळ्यात गळे घालून आहेत. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८९० ला कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था निघाली, त्याचे प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर. १९०७ साली अलेम्बिक ही औषध कंपनी उभी राहिली ती गज्जर आणि त्यांचे शिष्य अमीन व कोटीभास्कर यांच्यामुळे. तेव्हा कंपनीत जाणं म्हणजे विज्ञान सोडणं नव्हे. तिथे तुझ्या हाताला मोलही आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या देशात बनलेल्या, रक्ताच्या कर्करोगावरच्या पहिल्या कार-टी उपचाराला परवानगी मिळाली. त्यात रुग्णाच्याच, रोगाशी लढणाऱ्या टी पेशी काढून, बदलून, परत देतात. ती प्रत्येक पिशवी रुग्णाला देण्याआधी त्यात हव्या त्याच पेशी आहेत ना, हे बघायचं मुख्य साधन कुठलं? तुझंच यंत्र. शिवाय २०११ पासून भारतातल्या जीएलपी, म्हणजे ठरलेल्या शिस्तीने आणि नोंदींनी चालणाऱ्या, प्रयोगशाळांच्या सुरक्षिततेच्या चाचण्या ओईसीडी या आंतरराष्ट्रीय गटाच्या देशांत मान्य होतात, त्यामुळे कागद आणि काम दोन्ही नेटकं ठेवणाऱ्या माणसाला अशा प्रयोगशाळांत काम असतं. सकाळी साडेआठला बीड्स चालवणारी मुलगी त्या जातीची आहे. फक्त जाताना क्वालिटी कंट्रोलच्या ओळीत उभी राहू नकोस. सायटोमेट्री असलेला विभाग विचारून, शोधून जा. पेटंटचंही काम आहे, विज्ञानाची पदवी असली की पेटंट एजंटची परीक्षा देता येते. पण तुला दिवसभर कागद वाचत बसायला आवडेल असं मला तुझ्या पत्रावरून वाटत नाही.

शाळेचं मी सोडून देते. शिकवायची हौस तुला आहे, ती तू रोज भागवतेस.

मार्चला चार महिने आहेत. महिनाभरात पान आणि सरांशी बोलणं, आणि जानेवारी उजाडेपर्यंत त्यांच्याकडून लेखी काही आलं नाही तर मनाला वाईट वाटून न घेता बाहेर अर्ज सुरू. दोन्ही कामं एकाच वेळी करायला हरकत नाही, त्यात सरांशी बेइमानी होत नाही. फेब्रुवारीपर्यंत वाट बघून मग धावपळ केलीस तर जी मिळेल ती नोकरी धरशील, आणि तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं. नवऱ्याशी पैशांचंही मोकळं बोलून ठेव. तुझा पगार चार महिने आला नाही तर घर कसं चालेल, हे आकड्यांत एकदा दोघांनी मांडून बघा. भीती आकड्यांत बसली की अर्धी होते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

आणि सासूबाई. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, पुष्कळ संस्था त्या दिवशी दारं उघडी ठेवतात. तुमच्याकडे ठेवत असतील तर सासूबाईंना आणि लेकीला घेऊन जा. नसतील ठेवत तर परवानगी काढून एखाद्या शनिवारी ने. यंत्रासमोर खुर्ची ठेवून सासूबाईंना बसव. आदल्या दिवशीची जुनी फाइल उघड, कारण ताजं रक्त त्यांना दाखवायची गरज नाही. पडद्यावर ठिपक्यांचा थवा दिसेल. सांग, आई, हा एक ठिपका म्हणजे एक पेशी, या इथल्या घोळक्यातल्या आजार ओळखतात, त्या तिथल्या त्याच्याशी लढतात, आणि मधुमेह झालेल्या माणसात हा घोळका असा हलतो. त्यांना गोळ्या चालू असतील मधुमेहाच्या तर त्या पुढे सरकून बघतील. लेक विचारेल, यातली माझी कुठली? तिला माऊस हातात दे आणि एका घोळक्याभोवती रेघ ओढायला लाव.

– तुझी ताई